हातांचा सतरा नंबर

शाळेच्या कपाटातले जनरल रजिस्टर हा मोठा कठोर ग्रंथ असतो. एकदा त्यात शाई पडली, की शिक्षणाधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीवाचून ब्रह्मदेवालाही तिथला काना-मात्रा बदलता येत नाही. २०२०च्या जूनमध्ये, टाळेबंदीमुळे शाळेत एकही मूल नव्हते आणि आम्ही दोघे-तिघे तोंडाला फडके बांधून कार्यालयात नुसते बसून होतो, तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. सुरतेहून आलेला. काही अंतर पायी, पुढे भाजीच्या टेम्पोतून, असा. त्याला शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत हवी होती. मूळ दाखला ऑगस्ट २००६च्या पुरात गेला. उकाई धरणाचे पाणी सोडले आणि तापी सुरतेत घरोघर शिरली, त्या पुरात.

रजिस्टर काढले. साल १९९६. इयत्ता नववी. प्रगती : साधारण. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : सततची गैरहजेरी. अक्षर माझेच होते. त्या वर्षी मी त्याचा वर्गशिक्षक होतो, नोकरीत नवा, एम. ए.च्या गुणपत्रिकेची घडी अजून मोडली नव्हती. आता मुख्याध्यापक म्हणून मी ‘दुय्यम प्रत’ असा लाल शिक्का मारला आणि खाली सही केली. म्हणजे चोवीस वर्षांनी, त्याच माणसाबद्दल, मी पुन्हा एकदा लिहून दिले की याची प्रगती साधारण.

त्या माणसाने मधल्या चोवीस वर्षांत काय केले होते? सुरतेत पांडेसऱ्याला कापड रंगवण्याच्या मिलमध्ये तो पंधराव्या वर्षी हेल्पर म्हणून लागला. पाण्यात उभे राहून ओले कापड ओढण्यापासून सुरुवात. नंतर जेट मशीनवर, नंतर रंगाच्या खोलीत, आणि गेली कित्येक वर्षे तो कलर मास्टर आहे. व्यापाऱ्याने बोटाएवढा कापडाचा तुकडा आणून दाखवला, की तोच रंग शेकडो मीटरांवर उतरवून देणारा माणूस. दाखला घेऊन तो सीमेअलीकडच्या एका कारखान्यात गेला. अलीकडच्या वर्षांत सुरतकडच्या काही कापड उद्योजकांनी आमच्या नवापूर भागातही कारखाने काढले आहेत, त्यामुळे त्याला आशा होती की गावाजवळच काम मिळेल आणि म्हाताऱ्या आईपाशी राहता येईल. शिक्षण? नववी. अनुभव? चोवीस वर्षे. लेखी काही? नाही. मग हेल्परमध्ये लिहा नाव. चार महिने त्याने हेल्परच्या पगारावर ते काम केले, ज्यात तो शिकाऊ मास्तरांच्या चुका गुपचूप दुरुस्त करत असे, आणि गाड्या सुरू होताच पुन्हा सुरतेला गेला. जाताना भेटायला आला तेव्हा म्हणाला, “कागद नही शे सर मनाजोडे. हात शेतस.” माझ्याकडे कागद नाही सर, हात आहेत.

वाचकहो, हात आहेत हे मलाही त्या दिवशी ऐकूनच ठाऊक होते. पाहिले पुढे दोन वर्षांनी. लिंबायतला एका लग्नाला गेलो होतो. मुलाकडचे आणि मुलीकडचे दोन्ही मूळचे आपल्या भागातले, हे सांगायला नकोच. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या बाजूला गेलात की दुकानांच्या पाट्यांखेरीज फारसे काही गुजराती दिसत नाही. अहिराणी आणि मराठी कानावर पडत राहते. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू या माध्यमांच्या शाळाही चालवते, यावरून त्या शहराचा पोत कळावा. त्या रात्री त्याने मला शेठची परवानगी काढून मिलमध्ये नेले. दमट वाफ, डोळ्यांत झोंबणारा वास, आणि पायाखाली निळे-जांभळे पाणी.

मशीनमध्ये १२० किलो माल भरायचा होता. पॉलिएस्टर. त्याने कापड दोन बोटांत चोळले, मागच्या लॉटची चिंधी दिव्याखाली धरली, मग खिडकीशी जाऊन बाहेरच्या दिव्याच्या उजेडात पुन्हा धरली, आणि पोऱ्याला सांगितले, “पाऊण टक्का. नऊशे ग्रॅम काढ. त्यातला लाल चाळीस ग्रॅम कमी कर.” कागद नाही, पेन्सिल नाही. १२० किलोच्या पाऊण टक्क्याचे नऊशे ग्रॅम होतात, हे मी मनातल्या मनात दोनदा पडताळून पाहिले, कारण या मुलाला आठवीच्या वार्षिक परीक्षेत गणितात शंभरपैकी एकोणीस गुण होते. पुढे तो मला समजावू लागला : पाणी एकशेतीस अंशांपर्यंत चढवायचे, पण सावकाश, घाईने चढवले तर रंग डागांनी बसतो. आणि उतरवतानाही घाई करायची नाही, नाहीतर कापडाला चुण्या पडतात आणि त्या पुन्हा जात नाहीत. हे सांगताना त्याने घड्याळाकडे पाहिले नाही. मशीनच्या आवाजावरून तो सांगत होता की आता किती झाले असेल. आम्ही शाळेत ज्याला निरीक्षण, अनुमान आणि उपयोजन म्हणतो, आणि ज्याचे रकाने भरताना शिक्षकांच्या तोंडाला फेस येतो, ते सगळे तिथे रात्री दीड वाजता, ओल्या चड्डीवर उभे होते.

प्रगती साधारण!

माझे म्हणणे एवढेच आहे, की या देशाच्या दफ्तरात त्या माणसाच्या योग्यतेबद्दल जो एकमेव कागद आहे तो माझ्या सहीचा आहे, आणि तो कागद आज खोटा आहे. १९९६ साली तो खरा होता असे वादाकरिता धरून चालू. पण माणूस पुढे गेला, कागद तिथेच राहिला, आणि आमची सगळी व्यवस्था माणसाला सोडून कागदाला ओळखते.

कुणी म्हणेल, पाटील-सोनवणे-महाजनांची पोरे सुरतेला का गेली? हा प्रश्न विचारणाऱ्याला आपल्या भागाचा इतिहास माहीत नाही. तापी खोऱ्यातून सुरतेला जाणारी रेल्वे १९००च्या सुमारास झाली. तेव्हापासून आमच्या लोकांना पुण्या-मुंबईपेक्षा सुरत जवळची. १ मे १९६०पर्यंत तर सीमाच नव्हती. आमचा धुळे जिल्हा आणि तो सुरत जिल्हा एकाच राज्याच्या नकाशात होते. दुष्काळात माणसे गेली, नापिकीत गेली, भावकीच्या भांडणात गेली. ऊसतोडीला बारडोलीकडे जाणाऱ्या आपल्या ‘कोयत्यां’वर यान ब्रेमन नावाच्या डच अभ्यासकाने ग्रंथ लिहिले. त्याने दक्षिण गुजरातेतल्या मजुरांचा माग १९६०च्या दशकापासून काढला आणि त्यावर हयात घालवली. आमच्या विद्यापीठांना तेवढी सवड मिळाली नाही. शिवरायांनी सुरत १६६४ आणि १६७० अशी दोनदा लुटली याचा पाठ आम्ही पोरांकडून घोकून घेतो. सुरतेने त्याची परतफेड व्याजासकट चालवली आहे, हा पुढचा पाठ क्रमिक पुस्तकात यायचा आहे.

पण सुरतेवर उगाच दात धरण्यात अर्थ नाही. एका बाबतीत ते शहर आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. तिथे मिलच्या दारात कुणी दाखला विचारत नाही. ‘ट्रायल दे’ म्हणतात. मागावरचा उडिया कारागीर असो, गंजाम जिल्ह्यातून आलेला, किंवा आमचा खानदेशी रंगारी असो, एक पाळी काम करून दाखवायचे. जमले तर उद्यापासून ये. हिऱ्याच्या कारखान्यातही तेच. घंटीवर बसवतात आणि हात पाहतात. एका गिरणीवाल्याने मला चहा पाजून ऐकवले, “मास्तरसाहेब, सर्टिफिकेट भिंतीला लागते, मशीनला हात लागतो.” माणूस हुशार. मी त्याला विचारले, की तुमच्याकडे हा ट्रायल पास झाला, हे तुम्ही कुठे लिहून ठेवता? तो हसला.

तेच तर दुखणे आहे. परीक्षा होते, कसून होते, आमच्या बोर्डाच्या परीक्षेपेक्षा शंभरपटीने खरी होते, आणि निकाल कधीच लागत नाही. मिल बदलली की पुन्हा ट्रायल. शहर बदलले की पुन्हा ट्रायल, आणि मधले आठवडे हेल्परच्या पगारावर. धंदा बदलला तर मग विचारूच नका. २००८च्या मंदीत सुरतेत हिऱ्याचे कारखाने धडाधड बंद झाले तेव्हा भिंगाखाली हिऱ्याची कड अचूक पाडणारी माणसे भरतकामाच्या यंत्रावर दोरे बदलायला बसली. त्यांची नजर, त्यांचा स्थिर हात, त्यांचा मापाचा अंदाज, हे सारे त्या नव्या धंद्यात उपयोगी होते. हिशेबात धरले कुणी नाही. गेल्या काही वर्षांत हिऱ्यावर पुन्हा मंदी आली. गुजरात सरकारने २०२५च्या मे महिन्यात रत्नकलाकारांच्या मुलांच्या फीसाठी मदत जाहीर केली. चांगले केले. पण ती मिळवायला आधी आपण रत्नकलाकार होतो हे सिद्ध करायचे. ज्याच्या हातात आयुष्यभर रोख पैशाचे पाकीट पडले, त्याने ते कशाने सिद्ध करावे? बोटांवरच्या घट्ट्यांनी?

आता कुणी असे म्हणू नये की हा मानापमानाचा प्रश्न आहे. मानापमान आमच्या लोकांनी केव्हाच गुंडाळून ठेवले. हा रोकड प्रश्न आहे. १९४८च्या किमान वेतन कायद्यापासून मजुरीचे दर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा पायऱ्यांनी ठरत आले. २०१९च्या वेतन संहितेतही कौशल्य हा मजुरी ठरवण्याचा एक आधार आहे. उत्तम. पण कुठल्या पायरीवर कोण उभा, हे ठरवतो कोण? पगारवही लिहिणारा. आणि पगारवहीत कलर मास्टरही हेल्पर असतो, स्टेंटर चालवणाराही हेल्पर असतो. वरचे पैसे हातात रोख दिले जातात, म्हणून चांगल्या दिवसांत कुणाची तक्रार नसते.

तक्रार वाईट दिवशी असते. माझ्याच शाळेतला, याच्या मागच्या तुकडीतला एक मुलगा. कापड सुकवण्याच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. भरपाईचा हिशेब कायद्याने होतो तो वय आणि मासिक पगार यांवर. पगार कुठला? वहीतला. वहीत तो हेल्पर. पंधरा वर्षे कुशल कारागीर म्हणून यंत्र चालवलेल्या माणसाच्या बोटांची किंमत यंत्राच्या आसपास झाडू मारणाऱ्याच्या दराने झाली. मिलचे नाव मी घेत नाही. नाव घेतल्याने एक मिल बदनाम होईल आणि बाकीच्या सुटतील. त्याच्या बायकोने मला विचारले, “सर, तुमच्या शाळेचा काही कागद लागेल का?” मी काय सांगणार होतो? माझ्या शाळेचा कागद तर आणखी वाईट होता.

कायदे नव्हते असे नाही. परराज्यातून आणलेल्या मजुरांसाठी १९७९ साली संसदेने कायदा केला. त्यात ठेकेदाराने प्रत्येक मजुराला फोटो लावलेले पासबुक द्यावे अशी तरतूद होती. कुठल्या आस्थापनेत काम, किती काळ, काय दराने, हे त्यात लिहायचे, आणि तेही मजुराला समजेल अशा भाषेत. विचार करा, ते पासबुक खरोखर दिले गेले असते तर आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या कामाचा इतिहास घरोघर ट्रंकेत सापडला असता. तोच दाखला झाला असता. तीस वर्षे मी सुरतेला ये-जा करणाऱ्या पोरांच्या घरी जातो-येतो. असे पासबुक मी एकाही घरी पाहिले नाही. तो कायदा २०२०च्या नव्या संहितेत विलीन झाला. न दिलेल्या पासबुकाचे काय झाले, हे कुणी विचारले नाही. २०२१च्या ऑगस्टमध्ये ई-श्रम नावाची नोंदणी सुरू झाली. तिथे मजूर आपला धंदा आपणच यादीतून निवडतो. मोजदाद म्हणून ठीक. पण मी स्वतःला पंडित म्हणवून घेतले आणि संगणकाने मान डोलावली, याने पांडित्य सिद्ध होत नाही.

मग सरकारने खास याच दुखण्यावर औषध काढले. २०१३च्या डिसेंबरात राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा आला; त्यात प्रत्येक कसबाला पातळी दिली. आधी दहा पातळ्या होत्या, २०२३मध्ये आठ केल्या. २०१५मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली आणि तीत ‘पूर्वशिक्षणाची मान्यता’ असा स्वतंत्र भाग ठेवला : ज्याने शाळेबाहेर, कामावर, बापाच्या हाताखाली कसब मिळवले, त्याची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यायचे. कल्पना सोन्यासारखी. मी ती वाचली तेव्हा मला वाटले, चला, आमच्या पोरांचे दिवस आले.

असे एक शिबिर मी डोळ्यांनी पाहिले. कुठले, ते सांगत नाही. उद्बोधन म्हणून एकाने थोडा वेळ भाषण केले. मग हातात एकेक संगणकाची पाटी दिली आणि पर्यायी प्रश्न विचारले. प्रश्न हिंदीत. प्रथमोपचाराच्या पेटीत काय असते, कामाच्या जागी वरिष्ठांशी कसे बोलावे. यंत्र दालनात नव्हतेच. वीस वर्षे माग चालवणारा एक गृहस्थ माझ्या कानाशी लागून विचारत होता, “मास्तर, माग कुठे आहे?” शेवटी फोटो. सगळ्यांना प्रमाणपत्र मिळाले, छान जाड कागद, वर मुद्रा. त्यांतल्या एकाचाही पगार एका रुपयाने वाढलेला मी ऐकला नाही, कारण ते प्रमाणपत्र पाहून पगारवहीतला रकाना बदलण्याचे बंधन कुणावरही नव्हते. गिरणीवाल्याचे म्हणणे अशा वेळी खरे ठरते. भिंतीला लागले.

मला सांगितले जाते की मास्तर, हे काम अवघड आहे, हजारो कसबे, शेकडो बोल्या, दोन राज्ये, तुम्ही शाळेत बसून बोलता. ठीक. मी एक उदाहरण देतो, शाळेबाहेरचे. मोटार चालवण्याचा परवाना. गाडी कुठे शिकलास, कुणाकडे शिकलास, असे कुणी विचारत नाही. चालवून दाखव म्हणतात. चालवता आली तर परवाना मिळतो, आणि तो भारतभर चालतो. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तिथल्या एका बाकावर नवराबायको शेजारी बसली तर दोघे दोन राज्यांत बसतात, असे आम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. त्या बाकाच्या या टोकाला घेतलेला वाहनपरवाना त्या टोकाला रद्द होत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना काढला तर तो परदेशातही चालतो. आणि आणखी ऐका. माल व प्रवासी वाहतुकीच्या गाड्या चालवायला पूर्वी आठवी पास असण्याची अट होती. २०१९मध्ये केंद्र सरकारनेच ती काढून टाकली, कारण चाकामागच्या कौशल्याचा इयत्तेशी संबंध नाही हे सरकारला पटले. चाकाबद्दल पटते, मग मागाबद्दल का पटत नाही? ट्रक उलटला तर माणसे मरतात, तरी तिथे हाताची परीक्षा पुरते. साडीचा रंग चुकला तर कुणी मरत नाही, तरी तिथे नववीचा दाखला लागतो! उलट वीज जोडणाऱ्या तारतंत्र्याचा परवाना पाहा, तो राज्यागणिक निराळा. जणू सोनगडची वीज आणि नवापूरची वीज वेगवेगळ्या देवांनी निर्माण केली.

आता जर्मनीची गोष्ट. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, नळकारागीर, वाहनचालक असे दहा हजार तरुण पाठवण्याची भाषा झाली. पुढाकार शालेय शिक्षण विभागाचाच, म्हणून आम्हा मुख्याध्यापकांच्या कानावर ती बरीच पडली. मी त्याविरुद्ध नाही. पोरे जावीत, जग पाहावे, चार पैसे मिळवावेत. पण या निमित्ताने जर्मनी काय करते हेही पाहावे. १ एप्रिल २०१२पासून तिथे कायदा आहे, की परदेशात धंद्याचे शिक्षण घेऊन आलेल्याला आपले शिक्षण जर्मन शिक्षणाशी ताडून पाहा असा हक्क मागता येतो. कागद अपुरे असतील तर प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची वाट ठेवली आहे. आणि १ जानेवारी २०२५पासून त्यांनी, ज्याच्याकडे धंद्याची रीतसर पदवी नाही पण वर्षानुवर्षांचा अनुभव आहे अशा माणसालाही तपासून लेखी देण्याची सोय केली. फ्रान्सने अनुभवावर पदविका मिळवण्याचा हक्क २००२मध्येच कायद्यात घातला.

म्हणजे पाहा, नंदुरबारच्या पोराचे कसब हजारो मैलांवरच्या राज्याने मान्य करावे म्हणून आमचे सरकार करारावर सह्या करते. आणि त्याच नंदुरबारच्या पोराने दीडेकशे किलोमीटरवर सुरतेत मिळवलेले कसब घरी परतल्यावर त्याच्याच तालुक्यात मान्य होत नाही, त्याबद्दल कुणाला कुणाशी करार करावासा वाटत नाही. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांनी एका टेबलाशी बसायला विमानाचे तिकीटही लागत नाही. आमची रेल्वे आहे. निवडणुकीत लिंबायत-उधन्याच्या खानदेशी मतांचा हिशेब वॉर्डावॉर्डांत, गल्लीगल्लीत होतो. अलीकडचे पुढारीही तिकडे प्रचाराला जातात आणि अहिराणीत भाषणे करतात. मते सीमा ओलांडून मोजता येतात.

आता मला काय हवे ते सांगतो. आम्हा शाळावाल्यांकडे एक जुनी, साधी, सगळ्यांना ठाऊक असलेली वस्तू आहे : सतरा नंबरचा फॉर्म. ज्याची शाळा मधेच सुटली त्याने हा फॉर्म भरावा आणि खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसावे. घरी शिकलास, दुकानात शिकलास, की कुठेच शिकला नाहीस, हे बोर्ड विचारत नाही. उत्तरपत्रिका तपासते आणि निकाल देते, आणि त्याच्या गुणपत्रिकेला शाळेतल्या पोराच्या गुणपत्रिकेइतकीच किंमत असते. पुस्तकी ज्ञानाला हा मोठेपणा आम्ही कधीचाच दाखवला. हातांना तो का दाखवू नये? आयटीआयच्या अखिल भारतीय परीक्षेला अनुभवी कामगाराला खासगी बसण्याची वाट आहे, पण ती ठरावीक व्यवसायांपुरती, आणि पांडेसऱ्याच्या रात्रपाळीत ती कुणाला ठाऊक आहे? हवा आहे हातांचा सतरा नंबर. परीक्षा यंत्रावर, खऱ्या मालावर, पूर्ण एका पाळीची. परीक्षक त्या धंद्यातला जुना मास्तर, आणि त्याच्याशेजारी बाहेरचा एक. भाषा परीक्षार्थीची, रंगाची खोली अहिराणीत चालते तर परीक्षाही अहिराणीत होऊ द्या. निकाल दोन्ही राज्यांना बंधनकारक. आणि ज्या दिवशी निकाल त्या दिवसापासून पगारवहीत ‘हेल्पर’ हा शब्द खोडला जाईल. ही शेवटची अट नसेल तर बाकीचे सगळे मला नको, जाड कागद पुष्कळ झाले.

बोगस प्रमाणपत्रे निघतील, हे मला कुणी सांगू नये. बोर्डाच्या परीक्षेत खिडकीतून काय काय आत येते हे मी तीस वर्षे पाहतो आहे. कॉपीमुक्तीच्या शपथा मीच देतो. पण गणिताचा पेपर फुटतो म्हणून आपण दहावी बंद केली नाही. शिवाय जेटमध्ये एकशेतीस अंशांवर कॉपी करून दाखवावी कुणी. मालक म्हणतील मजुरी महागेल. महागेल. आज ती स्वस्त आहे कारण फरक मजूर स्वतःच्या खिशातून भरतो, आणि अपघात झाला तर बोटांतून. तिसरा आक्षेप मात्र मला सतावतो. कागद आला की कागद नसलेल्यांना दारातच अडवतील. आज ट्रायल तरी मिळते, उद्या तीही मिळणार नाही. या भीतीला माझ्यापाशी पुरे उत्तर नाही. म्हणून ट्रायल बंद करा असे मी म्हणतच नाही. तिचा निकाल लिहा, एवढेच म्हणतो.

सुरतेहून परतल्यावर मी एक वेडेपणा केला. शाळेच्या छापील कागदावर, जावक क्रमांक टाकून, जे पाहिले ते लिहिले : सदर इसम पॉलिएस्टर कापडाच्या रंगकामात निष्णात असून रंगाचे प्रमाण, तापमान व वेळ यांचे त्याचे ज्ञान मी समक्ष पाहिले आहे. सही केली आणि ते पत्र जिल्ह्याच्या एका कचेरीत पाठवून विनंती केली, की याची रीतसर परीक्षा घेण्याची काही सोय असल्यास कळवावे. सात आठवड्यांनी उत्तर आले. मुख्याध्यापकांस अशा स्वरूपाचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार नाही, सबब प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे. त्यांचे बरोबर आहे. ‘प्रगती साधारण’ लिहिण्याचा अधिकार मला आहे, ‘निष्णात’ लिहिण्याचा नाही.

यंदा त्याने ठरवले आहे की दहावीला बसायचे. चव्वेचाळिसाव्या वर्षी. त्याचा थोरला मुलगा सुरतेत मराठी माध्यमातून शिकून आता कॉलेजात आहे. तो बापाला भूमिती शिकवतो म्हणे. एवढे वय झाल्यावर आता कशाला, असे मी विचारले, तर म्हणाला, “सर, एक तरी कागद असा पाहिजे, जो नवापूरच्या अलीकडे पण चालेल.” परवा रविवारी पहाटेच्या गाडीने आला. खिडकीशेजारी बसून त्याने सतरा नंबरचा फॉर्म भरला, संगणक आमच्या लेखनिकाने चालवला. फॉर्मबरोबर शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. दुय्यम प्रत त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न मोडता जपून आणली होती. प्रगती : साधारण.